पूर्व बाजू वरीलप्रमाणे

१

तळवली फाट्यावरचा आमचा पादचारी पूल उद्या सकाळी पाडणार आहेत. गावात आजच पेढे आणून ठेवलेत. विरोधाचा अर्ज एकच आला होता आणि तो मी केला होता. ऑफिसात सगळे मला हसले, कारण त्या पुलाला माझ्याइतक्या शिव्या दुसऱ्या कोणी दिल्या नसतील.

पुलात पाहण्यासारखं काही नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला, म्हणजे गावाच्या अंगाला, एक जिना. पूर्वेला, कारखान्यांच्या अंगाला, दुसरा जिना. मध्ये ट्रकांच्या डोक्यावरून जाणारी सिमेंटची पट्टी. पण पंच्याऐंशी सालच्या आमच्या ऑफिसच्या कॅलेंडरवर बाराही महिने हाच पूल आहे आणि खाली छापलंय, 'नव्या शहराची ओळख'. आता वाशीचे काही सेक्टर सोडले तर नव्या शहरात आहे काय? आखलेले रस्ते आणि त्यावर निवांत बसलेल्या म्हशी. म्हशींना ओळख म्हणता येत नाही, म्हणून पूल.

फोटो काढायला माणूस आला त्या दिवशी पुलावर चिटपाखरू नव्हतं. मग ऑफिसातल्या कारकुनांना वर चढवून इकडून तिकडे चालायला लावलं. मी खाली उभा राहून 'जरा हसा' म्हणून हात हलवत होतो.

गावाने पूल मागितलाच नव्हता. रस्त्यावर दोन गतिरोधक टाका आणि पांढरे पट्टे मारा, एवढंच त्यांचं म्हणणं. ते फारच स्वस्तात झालं असतं, म्हणून पूल झाला. त्यावर कोणी चढेना म्हणून रस्त्याच्या दोन्ही कडांना लोखंडी गजांचं कुंपण घातलं. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडचे दोन-दोन गज वाकलेले निघाले. कोणी वाकवले ते अख्ख्या गावाला माहीत होतं आणि विचारलं तर कोणालाच माहीत नव्हतं. त्या फटीला सगळे 'खिडकी' म्हणायला लागले. सगळं जग खिडकीतून जाऊ लागलं आणि पूल वर रिकामा.

मी चांगदेव, या पुलाचा ओव्हरसियर. मूळचा जालन्याकडचा, नोकरीत अजून कायम न झालेला. मीसुद्धा खिडकीतूनच जात होतो. हे आज लिहितो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं असं मला वाटतं.

२

आमच्या खात्यात मेजरमेंट बुक म्हणून एक वही असते. तिला सगळे एम.बी. म्हणतात. झालेलं प्रत्येक काम टेपने मोजून तिच्यात लिहायचं. तिच्यातलं पान फाडायचं नाही, खाडाखोड करायची नाही, ती घरी न्यायची नाही. जे एम.बी.त आहे तेच झालं आणि जे तिच्यात नाही ते, डोळ्यांसमोर उभं असलं तरी, झालेलं नाही. आमच्याकडे देवापेक्षा तिला जास्त भितात.

डिसेंबरात पूल पुरा झाला आणि मी मोजायला गेलो. पश्चिमेचा जिना नीट मोजला. पायऱ्या त्रेचाळीस. प्रत्येकीची लांबी, रुंदी, उंची. खालून नवव्या पायरीवर ओल्या सिमेंटमध्ये कुत्र्याचा पाय उमटला होता. पुढे मुकादमाला बोलायला बरं म्हणून तीही खूण मी लिहून ठेवली. इतकं होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. पलीकडे जायचं तर त्रेचाळीस पायऱ्या चढा, पट्टी ओलांडा, त्रेचाळीस उतरा, पुन्हा तेवढंच मागे. नकाशा एकच, कंत्राटदार एकच, साचे तेच. मी लिहून टाकलं: 'पूर्व बाजू वरीलप्रमाणे'. खाली सही केली.

याला लबाडी म्हणत नाहीत. खात्यातला कुठलाही ओव्हरसियर दोन्ही गटारं मोजत नाही. एक मोजतो आणि दुसऱ्याला 'वरीलप्रमाणे' लिहितो. माझ्या वरिष्ठांनी मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं होतं.

३

मार्चमध्ये गावाचा पूल पाडण्याबद्दल दुसरा अर्ज आला. तेव्हा ऑफिसने ठरवलं की पुलावरून रोज किती माणसं जातात ते मोजायचं. ते काम माझ्या गळ्यात पडलं. पश्चिमेच्या जिन्याशी पत्र्याची एक टपरी, त्यात एक स्टूल, एक टेबल, कुलपाची पेटी आणि मी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. पेटीत एम.बी. आणि पेटीची किल्ली माझ्या जानव्याला म्हणता आली असती, पण आमच्यात जानवं नसतं, म्हणून करगोट्याला.

पहिल्या दिवशी अकरा माणसं गेली. त्यातली तीन पोरं थुंकायला वर गेलेली आणि एक दारू प्यायलेला. रोजचं म्हणावं असं गिऱ्हाईक दोनच. एक धोंडूबाई, तळवलीची म्हातारी मासळीवाली. डोक्यावरची पाटी घेऊन ती खिडकीतून जाऊ शकत नव्हती, म्हणून पुलाला शिव्या घालत रोज साडेनऊला ती वर चढे, पूर्वेकडच्या कामगारांच्या चाळींत मासळी विकून एकला परत येई. दुसरी माझी बायको जयमाला. आमची खोली पूर्वेलाच, कारखान्यांच्या मागे डोंगराच्या पायथ्याशी. ती साडेबाराला माझा डबा घेऊन येई. नेसत्या लुगड्यानिशी गजांमधून अंग चोरून जाणं तिला पटत नसे.

चौथ्या दिवशी एक वाजता धोंडूबाई उतरली आणि टपरीपाशी पाटी टेकवून माझ्याकडे पाहत राहिली. मी विचारलं, काय झालं. ती म्हणाली, "काय नाय. सकाली बोंबील घेतलंस ते घरी पोचवलंस का? उनात नासतील."

मी म्हटलं, मी कसले बोंबील घेतले. मी मासळीला हात लावत नाही असं नाही, पण तिच्याकडून कधी घेतली नव्हती. तिचा भाव ऐकूनच माझी भूक मरे.

"तिकरं घेतलंस ना," तिने पूर्वेकडे हात केला. "जिन्याखाली, तुझ्या टपरीत बसून. घासाघीस पन नाय केलीस. माझ्या गुडघ्याचा पन इचारलास. म्या म्हटला, आज वरशेरला काय झाला." वरशेर म्हणजे मी, ओव्हरसियर.

म्हातारी उन्हातून आली आहे असं मी मनाशी ठरवलं. तिला पाणी दिलं. ते पिऊन ती म्हणाली, तिकडचं पाणी थंड होतं. त्याच्याकडे माठ आहे.

४

मी अंधश्रद्ध माणूस नाही. आमच्या घरात अंगारे-धुपारे माझ्या बापाच्या वेळीच सुटले. जे डोळ्यांनी दिसेल ते खरं, एवढं मला शिकवलेलं आहे. म्हणून मी टपरीतून उठलो, खिडकीतून रस्त्यावर आलो, दोन ट्रक आणि एक टँकर चुकवत पलीकडच्या खिडकीतून बाहेर पडलो आणि पूर्वेच्या जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. तिथे सिमेंटच्या रिकाम्या गोण्या होत्या आणि त्यावर एक कुत्रं झोपलं होतं. टपरी नाही, स्टूल नाही, माठ नाही. मला बरं वाटलं. धोंडूबाईचं वय झालंय हे त्या दिवसापुरतं पक्कं झालं.

संध्याकाळी घरी ताटात तळलेले बोंबील होते.

मी जयमालाला विचारलं, हे कुठून आले. ती माझ्याकडे पाहू लागली. म्हणाली, तुम्हीच तर दिलेत दुपारी, पुलाच्या त्या टोकाला. मी तुम्हाला डबा देऊन परत निघाले, उतरले तर तुम्ही माझ्या आधी खाली बसलेले. मी म्हटलं, धावत आलात होय.

मग तिने विचारलं, "काऊन हो, डबा पुरला नव्हता का? भूक लागली म्हणालात. मी खाली बसून उरलेली अर्धी भाकरी दिली तुम्हाला."

मी बोंबील खाल्ले. चवीला चांगले होते. पण मी तसं काही बोललो नाही, कारण आमच्यात जेवणाबद्दल बोलायची पद्धत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. मीठ कमी असलं की बोलायचं, बरोबर असलं की गप्प जेवायचं.

५

माझ्या बुद्धीने पुढचे आठ दिवस फार कष्ट घेतले. माझ्यासारखा दिसणारा कोणी कारखान्याचा रखवालदार असेल. धोंडूबाईची नजर कमी आणि जयमाला थट्टा करत असेल. पण जयमाला थट्टा करणाऱ्यातली नाही. थट्टा कशी करायची हे विसरण्याइतकी वर्षं ती माझ्याबरोबर राहिली होती.

मी पाळत ठेवायला लागलो. जयमाला मला डबा द्यायची, मी जेवायचो, ती रिकामा डबा घेऊन जिना चढायची. वरच्या पट्टीवर तिचं डोकं कठड्याच्या वर सरकताना दिसे. पूर्वेच्या जिन्याला वरपासून खालपर्यंत सिमेंटची भिंत आहे. तिच्यामागे एकदा माणूस उतरायला लागला की तो खाली रस्त्याच्या कडेला बाहेर पडेपर्यंत दिसत नाही. उतरायला फार तर दीड मिनिट लागतं. जयमालाला पहिल्या दिवशी दहा मिनिटं लागली. चौथ्या दिवशी पंचवीस.

मी टपरीत बसून घड्याळ पाहत होतो. एकामागून एक ट्रक जात होते. दोन ट्रकांच्या मधल्या शांततेत पलीकडून डब्याचं झाकण दगडावर पडल्याचा आवाज आला. मग कोणीतरी खाकरलं. मला जेवल्यावर दोनदा खाकरायची खोड आहे, एकदा मोठ्याने आणि एकदा हळू. आईने त्यावरून मार दिला होता तरी गेली नाही. पलीकडचं खाकरणंही दोनदाच होतं, एकदा मोठ्याने आणि एकदा हळू. मी जेवलेला होतो, माझंही खाकरणं घशाशी आलेलं होतं. ते मी गिळलं.

त्यानंतर जयमाला हसली. रस्ता पंचवीस पावलांचा, त्यामुळे ऐकू आलं. ते हसणं मी ओळखलं, पण आठवायला वेळ लागला. लग्नानंतर पहिल्या वर्षी ती तशी हसत असे.

दुसऱ्या दिवसापासून ती दोन डबे आणायला लागली. दुसरा कोणाचा विचारलं, तर म्हणाली, तुमचाच. अलीकडे तुमची भूक वाढली आहे. तिने केसात अबोलीचा गजरा घातला होता. मी दोन डब्यांत काय काय आहे ते पाहिलं. माझ्या डब्यात पिठलं होतं आणि त्या दुसऱ्या डब्यातही पिठलंच होतं, पण त्याच्यावर कोथिंबीर होती.

रात्री तिने आपणहून विषय काढला. दुपारी आईच्या डोळ्यांचं विचारलंत ते बरं वाटलं, म्हणाली. जालन्याला तिच्या आईच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून महिना झाला होता. मला ते माहीत होतं. विचारायचं राहून गेलं होतं. विचारलं कोणी तर त्याने.

आता हे सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मला भीती वाटली नाही, मत्सर वाटला. स्वतःचाच मत्सर करायची वेळ यावी, आणि तोही पिठल्यावरच्या कोथिंबिरीवरून, यासारखी फजिती नाही. भीती नंतर वाटली, दिवा घालवल्यावर. जयमालाला उद्या कोणी विचारलं की तुझा नवरा कोणता, तर ती कुठल्या बाजूला बोट दाखवील, हे मला सांगता येईना.

६

महिना संपायला दोन दिवस असताना रावसाहेब तपासणीला आले. रावसाहेब हे आमच्या डेप्युटी इंजिनिअरचं नाव आहे, पदवी नव्हे, पण ते पदवीसारखंच वापरतात. त्यांची जीप पूर्वेकडे थांबते, कारण तिकडे झाडाची सावली आहे. ते पुलावर चढले, पट्टीवर उभं राहून नव्या शहराकडे पाहिलं, मग माझ्याकडे उतरायच्या ऐवजी पुन्हा मागे वळले आणि आले तिकडेच उतरले. मी टपरीबाहेर सावधान उभा होतो. पंधरा मिनिटं गेली. मग जीप पुढे जाऊन, वळसा घालून, माझ्यासमोर येऊन थांबली.

रावसाहेब खाली उतरलेच नाहीत. जीपच्या खिडकीतून माझ्याकडे पाहून ते चकित झाले आणि मग हसले. चपळ आहेस रे, म्हणाले. आकडा वाईट आहे, पूल बहुतेक जाणार, पण तुझं काम मला आवडलं. असं एम.बी. मी बावीस वर्षांत पाहिलं नाही. कायम करायची शिफारस करतो.

मी म्हटलं, साहेब, एम.बी. तर आपण पाहिलंच नाही. पेटीत आहे, काढतो.

"मघाशी तिकडं पाहिलं की," रावसाहेब म्हणाले. "सही पण केली. ऊन लागलंय का तुला?"

जीप गेली. मी करगोट्याची किल्ली काढली, पेटी उघडली, एम.बी. काढलं. पानं कोरडी होती, शाईही जुनी. कुठेही रावसाहेबांची सही नव्हती.

तेवढ्यात साडेबारा झाले. मी जयमालाची वाट पाहत बसलो. पाऊण वाजला. एक वाजला. धोंडूबाई परत आली आणि जाता जाता म्हणाली की बायको तिकडंच बसलीय तुझ्याबरोबर, तू जेवतोयस. मग पाटी सावरत ती थांबली, माझ्या रिकाम्या टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि गावाच्या रस्त्याला लागली. ती बाई शिवी न देता गेली असं पहिल्यांदाच झालं. मला तेव्हा खरं भ्यायला झालं.

७

मी एम.बी. काखेत मारलं, टेप खिशात टाकला आणि डिसेंबरातल्या मोजणीनंतर पहिल्यांदा त्या जिन्यावर चढलो. मनाशी ठरवलं होतं की पूर्वेचा जिना मोजायचा. चूक मोजण्यात झाली असेल तर ती मोजूनच निस्तरेल. दुसरा काही उपाय मला येत नव्हता.

नवव्या पायरीवर कुत्र्याचा पाय होता. त्रेचाळीस पायऱ्या भरल्या. वर वारा होता, खाडीकडून येणारा खारा, चिकट. पट्टीच्या मध्ये 'नव्या शहराची ओळख' अशी पाटी होती आणि तिच्यावर कावळे बसत असल्यामुळे ती वाचता येत नव्हती. खालून ट्रक गेला की पायाखाली सिमेंट थरथरे. मी खाली रस्त्याकडे पाहिलं नाही. पूर्वेच्या टोकाशी आलो आणि उतरायला लागलो. भिंतीमुळे खालचं काही दिसत नव्हतं. मी मोजत होतो. एक, दोन, तीन.

चौतीस झाल्या. पस्तिसावीवर मी पाय ठेवला आणि थांबलो. पस्तिसावी वरून म्हणजे खालून नववी. तिच्यावर कुत्र्याचा पाय होता.

वाकून पाहिलं. तोच पाय. एक बोट जरा बाहेर फाकलेलं. कुत्रं एका पुलाच्या दोन्ही जिन्यांवर, त्याच पायरीवर, तसाच पाय ठेवून जाऊ शकतं असं मी स्वतःला सांगितलं. सांगून पाहिलं. पुढच्या आठ पायऱ्या मी भिंतीला धरून उतरलो.

भिंत संपली. टपरी होती. माझीच, पण पत्र्याला रंग दिलेला आणि कोपऱ्यात माठ. आत स्टुलावर माणूस पाठमोरा बसून जेवत होता. सदरा माझाच होता, डाव्या खांद्यावर जयमालाने उसवलेली शिवण घातलेला. मी हात लावून पाहिलं, माझ्याही डाव्या खांद्यावर ती शिवण होती. त्याच्यासमोर खाली जयमाला बसली होती, गुडघे उराशी धरून, मान वर करून त्याच्याकडे पाहत. ती काहीतरी सांगत होती आणि तो ऐकत होता. मी कधी ऐकतो तसं नाही, खरं ऐकत होता.

टेबलावर एम.बी. उघडं होतं. ते माझ्या काखेतही होतं. अक्षर माझं. पानावर पूर्व बाजूची नोंद होती, एकेक पायरी वेगळी, लांबी, रुंदी, उंची, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस, खालून नववीवर कुत्र्याचा पाय. खाली एकच ओळ होती. 'पश्चिम बाजू वरीलप्रमाणे'. आणि त्याखाली रावसाहेबांची सही, शाई अजून ओली.

जयमालाने मला पाहिलं. तिने पदर सावरला, परक्या माणसासमोर सावरतात तसा. मग त्याला म्हणाली, "अहो, पलीकडचे आलेत."

तो वळला नाही. त्याने डब्यातली अर्धी भाकरी मोडून बाजूला काढली. "त्यांनाही वाढ," तो म्हणाला. "उपाशी असतील."

आवाज माझा होता, पण मी तो असा कधी वापरला नव्हता. मी वर पळालो. किती पायऱ्या होत्या ते मोजलं नाही.

८

संध्याकाळी मी खिडकीतूनच घरी गेलो. दारात खूप वेळ उभा राहिलो, आतून पुरुषाचा आवाज येतो का ते ऐकत. आला नाही. आत गेलो तर जयमाला चुलीपाशी होती. तिने नेहमीसारखा पाट मांडला, पाणी ठेवलं, ताट वाढलं. बांगड्याचं कालवण होतं. दुपारचं विचारायचं कसं? तू कोणाबरोबर जेवलीस असं आपल्याच बायकोला विचारलं, आणि ती म्हणाली तुमच्याबरोबर, तर पुढे काय?

मी पहिला घास घेतला. खूप घाबरलेला होतो. ती जाईल ही भीती इतकी होती की पद्धत-बिद्धत सगळी विसरलो. म्हणालो, "कालवण फार छान झालंय."

तिचा हात तव्यावर थांबला. तिने मान वळवून माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग ती हसली, रस्त्यापलीकडून ऐकू आलं होतं तसं.

"आज तुम्ही आलात होय," ती हळू आवाजात म्हणाली. "मला वाटलं, रोजचेच येणार."

सांगायला हवं होतं की मी रोजचाच आहे. पण तिचा चेहरा पाहून सांगवेना, आणि खरं सांगायचं तर, एम.बी.त पाहिल्यापासून माझी तशी खात्रीही राहिली नव्हती. बाहेर रस्त्याच्या अंगाला कोणीतरी दोनदा खाकरलं, एकदा मोठ्याने आणि एकदा हळू. जयमालाने तिकडे लक्ष दिलं नाही. मी म्हटलं, अजून अर्धी भाकरी वाढ. आणि आईच्या डोळ्यांचं काय म्हणतायत डॉक्टर?

९

त्याला दोन महिने झाले. मी रोज कालवणाला, पिठल्याला, कोरड्यासालाही छान म्हणतो. धोंडूबाईला गुडघ्याचं विचारतो. टपरीत माठ ठेवलाय. नोकरीत कायमही झालो. दुपारी कोथिंबिरीचा डबा मला मिळतो. तिकडचे, जयमाला सांगते, हल्ली फार कुरकुर करतात, मीठ कमी आहे म्हणतात, पण उपाशी कसं ठेवायचं. म्हणून ती अजून दोन डबे आणते. तिला यात काही वावगं वाटत नाही. मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, नवरा म्हटला की बरा आणि वाईट दोन्ही आलाच.

मग पूल पाडायचं पत्र आलं. पावसाळ्याआधी काम उरकायचं होतं. गावाने गतिरोधक मागितले ते आता मिळणार आहेत. मी तीन पानी अर्ज केला, पूल ही नव्या शहराची ओळख आहे वगैरे. नामंजूर झाला. रावसाहेबांनी पाठीवर थाप मारून विचारलं, इतका जीव का लावलास त्याच्यात. सांगायचं होतं की पूल गेला की दोन बाजू राहणार नाहीत, एकच राहील. कुठली नोंद खरी आणि कुठली वरीलप्रमाणे, हे उद्या कळणार, आणि ते कळायला मी असेन की नसेन ते मला माहीत नाही.

आत्ता जेवण झालं. जयमाला भांडी गोळा करते आहे. मी तिला विचारलं, उद्या डबा कुठल्या बाजूला आणशील.

"तुम्ही असाल तिकडं," ती म्हणाली, आणि तिने दोन्ही डबे घासायला घेतले.